मोठ्या विमान कंपन्या एक होतात तेव्हा जळगावचं काय होतं?

मंडळी, १ ऑक्टोबर २०२४ ला पूर्वीची एअरएशिया इंडिया एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये गेली आणि १२ नोव्हेंबरला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. आपल्या खान्देशात त्याची फारशी चर्चा झाली नाही. यातलं एकही विमान जळगावला उतरत नव्हतं, म्हणून तो आपला विषय नाही असं धरलं गेलं. मला मात्र तो पूर्णपणे आपला विषय वाटतो. आज देशांतर्गत दहा प्रवाशांमागे जवळपास नऊ जण इंडिगो किंवा एअर इंडिया समूहाने जातात. उरलेल्या एका प्रवाशावर बाकी सगळ्या कंपन्या जगतात, आणि आपल्याकडे येतात त्या याच कंपन्या.

एक जुना सौदा सांगतो. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली, तीही लहान शहरांना जोडणाऱ्या एटीआर या छोट्या पंख्याच्या विमानांनी. २००७ मध्ये किंगफिशरने तिच्यात २६ टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्या वर्षी दोन्ही कंपन्या एक झाल्या. त्या वेळी परदेशी उड्डाणासाठी पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमानं असावी लागत. किंगफिशर २००५ ची, तिला २०१० पर्यंत थांबावं लागलं असतं. डेक्कनची पाच वर्षं २००८ मध्येच भरत होती. सप्टेंबर २००८ मध्ये किंगफिशर लंडनला गेली. डेक्कनचं नाव बदलून किंगफिशर रेड झालं, २०११ मध्ये ती स्वस्त सेवा गुंडाळण्याचं जाहीर झालं आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सगळीच विमानं जमिनीवर आली. घेणाऱ्याची नजर लंडनवर होती. लहान गावांचे मार्ग त्या व्यवहारात केवळ सोबत आले होते.

तेच डेक्कन हे नाव २३ डिसेंबर २०१७ ला लहान शहरांच्या विमानसेवेला अनुदान देणाऱ्या सरकारी उडान योजनेखाली मुंबईहून जळगावला उतरलं. ते टिकलं नाही. २०१९ मध्ये ट्रूजेट आली, तीही २०२२ मध्ये थांबली. २०२४ मध्ये फ्लाय९१ ने गोवा, हैदराबाद आणि पुणे जोडलं, अलायन्स एअरने मुंबई. प्रत्येक वेळी आपण हारतुरे घेऊन गेलो आणि प्रत्येक वेळी सेवा मागणीअभावी बंद पडते असं ऐकत आलो. मला हे पटत नाही. सोन्याचा व्यापार, केळी, ठिबक सिंचन, डाळ उद्योग असलेल्या जिल्ह्यात सत्तरेक आसनांचं विमान भरणार नाही, असं म्हणणं चूक आहे.

खरी अडचण मुंबईत आहे. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या असल्याने एका वेळी एकीचाच उपयोग होतो, त्यामुळे स्लॉट, म्हणजे विमान उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा, मोजके. एखाद्या कंपनीने मिळालेले स्लॉट हंगामात ८० टक्के वापरले, तर पुढच्या हंगामात ते तिच्याकडेच राहतात. दोन कंपन्या एक झाल्या की त्यांचे स्लॉटही एका मुठीत येतात. लहान कंपनीच्या वाट्याला उरतात त्या अडनिड्या वेळा. जळगावच्या व्यापाऱ्याला सकाळी जाऊन रात्री परतायचं असतं. दुपारी दोनला मुंबईत उतरवणारं विमान त्याच्या कामाचं नाही. तो आदल्या रात्री रेल्वेने जातो.

दुसरी अडचण पुढच्या प्रवासाची. धुळ्याहून चाळीसगावमार्गे मुंबईला जाताना रेल्वेचं एकच तिकीट चालतं. विमानात हे फक्त कंपन्यांचा आपसात करार असेल तरच होतं. सरकारी अलायन्स एअर एअर इंडियाचीच उपकंपनी होती, पण टाटांनी एअर इंडिया घेतली तेव्हा ती त्या व्यवहाराबाहेर राहिली आणि १५ एप्रिल २०२२ पासून तिची विमानं स्वतःच्याच क्रमांकाने उडू लागली. अशी फारकत झाली की दोन तिकिटं वेगळी काढावी लागतात. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याचे पैसे बुडतात, सामानही पुन्हा जमा करावं लागतं. दुबईला निघालेलं कुटुंब एवढी जोखीम का घेईल?

अमेरिकेत स्कायवेस्टसारख्या लहान कंपन्या डेल्टा, युनायटेड यांच्या नावाने उडतात. मोठी कंपनी ठरलेले पैसे देते आणि तिकीट स्वतः विकते. उत्पन्नाची हमी मिळते, पण मार्ग कोणता ठेवायचा हे मोठीच ठरवते. नॉर्थवेस्ट ही कंपनी २००८ मध्ये डेल्टात गेली आणि नॉर्थवेस्टचं मोठं केंद्र, म्हणजे प्रवासी विमान बदलतात ते ठिकाण, असलेलं मेम्फिस शहर २०१३ पर्यंत केंद्र म्हणून संपलं. म्हणून निव्वळ भागीदारी झाली की आपलं भलं, असं मी म्हणणार नाही.

करारात काय लिहिलंय त्यावर सगळं आहे. उडानचं अनुदान तीन वर्षांचं असतं, त्यात राज्याचाही वाटा असतो, तो आपल्या कराचा पैसा आहे. तेव्हा अट घालायचा अधिकार आपल्याला आहे. विलीनीकरणाला मंजुरी देताना गर्दीच्या वेळेचे काही स्लॉट लहान कंपन्यांसाठी सोडवून घ्यायला हवेत. प्रादेशिक कंपनीशी जोड-तिकीट, म्हणजे दोन्ही विमानांचं एकच तिकीट, करायला मोठ्यांना बांधून घ्यायला हवं. नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे, तिथले स्लॉट अजून पूर्ण वाटले गेलेले नाहीत. आपल्या व्यापारी संघटनांनी आणि तिन्ही जिल्ह्यांच्या आमदार-खासदारांनी तिथली सकाळची एक आणि संध्याकाळची एक वेळ जळगावसाठी लेखी मागावी, आणि ती आत्ताच मागावी.