द्राक्षाच्या पेटीचे बेवारस तास

नमस्कार श्रोतेहो. पुरवठा साखळी म्हटलं की मोठाल्या कंपन्या, गोदामं आणि संगणकाचे पडदे डोळ्यांपुढे येतात. आज मात्र आपण जाऊया दिंडोरी-निफाडच्या बाजूला. नाशिकचं द्राक्ष युरोपच्या दुकानात पोचतं ती वाट समजून घेतली, तर धंदा कसलाही असो, त्याची साखळी कुठे तुटते ते कळतं.

आंबा पेटीत पिकतो. द्राक्षाचं तसं नाही. घड एकदा तोडला की त्याची गोडी वाढत नाही, पुढे फक्त उतरण असते. ती उतरण लांबवायची, एवढ्यासाठीच सगळी धावपळ. म्हणून तोडणी सकाळच्या गारव्यात होते आणि ऊन चढायच्या आत क्रेट पॅकहाऊसला जातात. तिथे खराब मणी कात्रीनं काढून माल पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत भरतात आणि पेट्या लागलीच प्रीकूलिंगला लावतात. पेट्यांमधून थंड हवा जोरानं खेचून काही तासांत फळ चार अंशांच्या खाली आणायचं, मग शून्य-एक अंशावर कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवायचं.

पुढे येतो रेफर कंटेनर. बऱ्याच जणांना तो म्हणजे मोठा फ्रीज वाटतो. पण त्याचं काम गार माल गार ठेवायचं. कोमट माल गार करण्याची ताकद त्याच्यात नसते. बंदराची वेळ गाठायची म्हणून प्रीकूलिंगमधून पेट्या दोन तास आधी काढल्या, तर ते दोन तास समुद्रात भरून निघत नाहीत. उलट कोमट फळावर दव धरतं. पेटीत बुरशी रोखायला सल्फरचा पेपर ठेवलेला असतो, तो ओलावा मिळाला की वायू सोडतो. ओल जास्त झाली की वायूही जास्त, आणि मणी पांढरट पडतात. देठ सुकून तपकिरी होतात ते वेगळंच.

नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात पेटी उघडते आणि फोन सुरू होतात. बागायतदार म्हणतो, मी वेळेत तोडून दिला. पॅकहाऊसवाला म्हणतो, आमच्याकडून माल गारच गेला. ट्रकवाला शपथेवर सांगतो की जनरेटर एक मिनिटही बंद नव्हता. गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत असू शकतात! क्रेट शेडखाली तासभर पडून होते, तेव्हा बागेचं काम संपलेलं होतं आणि पॅकहाऊसचं सुरू झालेलं नव्हतं. त्या तासाला कुणी धनीच नव्हता. माझं तर असं मत झालंय की साखळीत माणसं चुकतात त्याहून जास्त नुकसान हे बेवारस तास करतात.

माहितीचंही तसंच. 2006 साली अपेडानं, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेनं, ग्रेपनेट ही संगणकीय नोंदव्यवस्था सुरू केली आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येऊ लागला. मोठंच काम झालं ते. तरीही 2010 च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षं अडकली. कारण होतं सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. वेलीची वाढ रोखायला बागेत ते वापरलं जात होतं. युरोपची मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं. बागेला वापर ठाऊक, तिकडच्या बाजाराला मर्यादा ठाऊक, पण या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्याच नाहीत. संगणक बसवून साखळी सुधारते असं सांगणारे पुष्कळ भेटतात. यंत्रात काय भरायचं ते आधी माणसानंच ठरवावं लागतं.

काही गोष्टी मात्र आपल्या हातातच नसतात. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायचा म्हणजे दहा-बारा दिवस जास्त. भाडं वाढलं, पण खरी परीक्षा फळाची होती. तोडणीच्या दिवशी काटेकोरपणे गार केलेल्या मालाला तो वळसा सोसण्याची संधी तरी असते. घाईत भरलेल्या मालाकडे सोसायला शिल्लक काहीच नसतं. काटछाटीच्या नादात साखळीतला सगळा सैलपणा काढून टाकायची हल्ली हौस आहे, मला ती पटत नाही. पेट्या आणि पनेट देणारा दुसरा पुरवठादार हाताशी ठेवला तर खर्च थोडा वाढतो, पण ऐन फेब्रुवारीत पॅकिंग थांबत नाही.

तुमचा धंदा मसाल्याचा असो, कपड्यांचा असो वा सुट्या भागांचा, एक साधी वही घाला. माल ज्या ज्या ठिकाणी हात बदलतो, तिथे देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही, वेळ आणि मालाची स्थिती लिहा. पंधरवड्यानं ती वाचायला बसा. कुठल्या दोन सह्यांमध्ये वेळ अडकतोय ते लगेच दिसेल. तो वेळ कुणाच्या जबाबदारीचा, हे दोघांना समोरासमोर बसवून ठरवा.

द्राक्ष बागायतदारांसाठी एवढंच सांगतो, की हे बोलणं ऑक्टोबर छाटणीच्या आधी उरकून घ्या. शेडखालच्या तासाला जबाबदार कोण, माल उशिरा पोचला तर भाव कसा धरायचा, तापमानाची नोंद कुणाकडे राहणार, हे निर्यातदाराकडून कागदावर घ्या. जानेवारीत गाडी दारात उभी असते, तेव्हा कुणाला बोलायला सवड नसते. नमस्कार.