आधी पातं, मग स्मॅश

हा एका बॅडमिंटनपटूचा उजवा खांदा, मागच्या बाजूने. वर जाणारा हात सोडा, त्याच्या मुळाशी असलेलं त्रिकोणी हाड पाहा. हे खांद्याचं पातं. हात 180 अंश उचलला, तर त्यातले साधारण 60 अंश पातं फिरल्यामुळे मिळतात. इथे हात खाली येताना पात्याची आतली कड पाठीपासून सुटतेय. सेरेटस अँटेरिअर (पातं बरगड्यांशी धरून ठेवणारा स्नायू) आणि ट्रॅपिझियसचा (मानेपासून पाठीपर्यंत पसरलेला स्नायू) खालचा भाग कमी पडतोय, ट्रॅपिझियसचा वरचा भाग जास्त ओढतोय. म्हणून खांदा कानाकडे चढतो. न दुखणाऱ्या खांद्यातही हे दिसतं, त्यामुळे तपासणी फिजिओथेरपिस्टकडूनच हवी.

आता पात्याच्या या स्नायूंचे व्यायाम, पाण्यात उभं राहून. खांदे बुडायलाच हवेत; उंच खेळाडूने गुडघे वाकवावेत. पाणी छातीपर्यंतच असेल तर हात अर्ध्यावर बाहेर येतो, आधार सुटतो आणि जुनी खोड परत येते. पाणी 33 अंश सेल्सिअसच्या आसपास असलं की स्नायू सैल राहतात.

एक पाय पुढे. हात बाजूला, पण 30 अंश पुढच्या अंगाला, अंगठा वर. तीन सेकंदांत हात पृष्ठभागापर्यंत येऊ द्या, तितक्याच वेळात खाली न्या. दहा वेळा. घाई इथेच नडते: वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध जवळपास चौपट होतो.

पुढे सेरेटससाठी तरंगफळी. ती पाण्याखाली छातीसमोर उभी धरून पुढे ढकला. कोपर सरळ झालं की बहुतेक जण थांबतात, पण खरं काम त्यानंतरचं आहे. कोपर न वाकवता फळी आणखी दोन-तीन सेंटीमीटर पुढे न्या. पाहा, पातं बरगड्यांवरून पुढे सरकलं. कंबर मात्र मागे वाकू देऊ नका.

फोमचे डंबेल हातात देताना नेहमी एक गफलत होते. जमिनीवर डंबेल हात खाली ओढतो, पाण्यात फोम तो वर ढकलतो. त्यामुळे हात उचलणं सोपं होतं आणि खाली दाबताना लॅटिसिमस हा पाठीचा मोठा स्नायू राबतो. पात्याच्या कमजोर स्नायूंना त्यातून फारसं काही मिळत नाही.

उभ्याने डोक्यावरची हालचाल पाण्यात होत नाही. त्यासाठी मानेला आणि कमरेला फ्लोट लावून उताणं तरंगायचं आणि हात पृष्ठभागावरून कानापर्यंत न्यायचे. हे न दुखता, खांदा न चढवता जमलं की जमिनीवर रबर बँड, आणि रॅकेट त्यानंतर.