हॉर्न आणि घरची खोली

मंडळी, हॉर्न स्पीकर, म्हणजे भोंग्यासारखा पसरत जाणारा स्पीकर, घ्यायचं मनात आलं की पहिला प्रश्न असतो, किती वॅटचा? इथे त्या प्रश्नाला फारसा अर्थच उरत नाही. साधा स्पीकर मिळालेल्या विजेतली जेमतेम एक टक्का आवाजात उतरवतो, बाकीची उष्णता होऊन जाते. पडदा जड, हवा हलकी; पडदा पुढे सरकतो आणि हवा बाजूला निसटते. हॉर्नच्या अरुंद गळ्यात तिला निसटायला जागा नसते. त्यामुळे पडद्याचा जोर तिच्यावर नीट बसतो आणि तो दाब पसरत पसरत तोंडापर्यंत येतो. एका वॅटला, एका मीटरवर, साधा स्पीकर ८७ डेसिबल देत असेल तर मोठा हॉर्न १०५ पर्यंत जातो. दर १० डेसिबलला दहापट वॅट लागतात, म्हणजे हा फरक साठपटीच्या घरातला झाला.

तेव्हा घरी तुम्ही बहुतेक वेळ एका वॅटच्या आतच ऐकणार. ॲम्प्लिफायर निवडताना त्याची ताकद नव्हे, शांतता बघा. काहीही न वाजवता आपल्या नेहमीच्या जागी बसा. तिथे सूं किंवा घूं ऐकू आलं, तर तो ॲम्प्लिफायर कितीही नावाजलेला असो, हॉर्नला चालणार नाही.

आता आकार. इथे कोणाचीच डाळ शिजत नाही. ५० हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर, आणि मोकळ्या जागेत हॉर्नच्या तोंडाचा घेर साधारण तेवढा लागतो. म्हणजे तोंडाचा व्यास दोन मीटरच्या वर! अमेरिकन अभियंते पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात यातून वाट काढली. हॉर्न घड्या घालून पेटीत बसवला, पेटी कोपऱ्यात ढकलली आणि दोन भिंती व जमीन यांनाच हॉर्नचा पुढचा भाग करून टाकलं. क्लिप्शहॉर्न तो हाच. पण त्याला दोन मोकळे, भक्कम कोपरे लागतात. कोपऱ्यालाच दार असेल तर विषय संपला.

माझं मत विचाराल तर बेसच्या हॉर्नच्या नादाला बहुतेकांनी लागू नये. खाली साधा मोठा वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) ठेवावा आणि वर हॉर्न. ही जोडी जुळवताना कॅटलॉगमध्ये डेसिबल सगळे बघतात, फैलाव, म्हणजे आवाज किती अंशांत पसरतो, ते कोणी बघत नाही. १५ इंची वूफरचा आवाज १ किलोहर्ट्झच्या आसपास आपोआप आक्रसत साधारण ९० अंशांवर येतो. त्याच ठिकाणी ९० अंशांचा हॉर्न जोडला, तर बाजूच्या भिंतींवरून परतणारा आवाजही एकसारखा राहतो आणि सांधा कानाला कळत नाही. दुसरं, हॉर्न त्याच्या खालच्या मर्यादेला चिकटून चालवू नका. मर्यादा ४०० हर्ट्झ असेल तर क्रॉसओव्हर, म्हणजे वूफरकडून हॉर्नकडे आवाज सोपवायची जागा, ६०० ते ८०० वर ठेवा. हॉर्न नाकात बोलतो अशी तक्रार येते, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हेच कारण निघतं.

जुळवाजुळवीत आधी पातळी. हॉर्नचा ड्रायव्हर, म्हणजे त्याच्या गळ्याशी बसवलेला आवाज करणारा भाग, १०८ आणि वूफर ९६ डेसिबल देत असेल, तर १२ डेसिबल एल-पॅडने (आवाज कमी करणाऱ्या रोधाने) कापावेच लागतात. हात आखडता घेऊ नका. दुकानात झगझगीत वाटणारा आवाज घरी अर्ध्या तासात डोकं उठवतो. पातळी ठरवायला गाण्यापेक्षा नुसतं बोलणं लावावं. स, श जिभेवरून येतायत की स्पीकरमधून फेकले जातायत, ते लगेच समजतं.

मग वेळ. हॉर्नचा ड्रायव्हर मागच्या टोकाला असतो. वूफरच्या मानाने तो ३४ सेंटीमीटर मागे असला की आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. ८०० हर्ट्झला एक पूर्ण आवर्तन सव्वा मिलिसेकंदाचं, तेव्हा हा उशीर काही किरकोळ नाही. आवाज दोघांत वाटून देणारं डिजिटल क्रॉसओव्हर यंत्र असेल तर वूफरला तेवढं थांबवा. दर सप्तकाला २४ डेसिबल उताराच्या क्रॉसओव्हरवर तपासणी सोपी आहे: हॉर्नच्या तारा मुद्दाम उलट्या जोडा आणि बसायच्या दिशेने, कानाच्या उंचीवर मायक्रोफोन धरून मोजा. मेळ बसला असेल तर मोजणीच्या आलेखात सांध्याच्या जागी खोल, सरळसोट खड्डा दिसतो. उथळ किंवा वाकडा दिसला तर मिलिसेकंदाच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाने विलंब बदलत राहा. खड्डा मिळाला की तारा सुलट करा.

आणि ड्रायव्हर थेट ॲम्प्लिफायरला जोडत असाल, तर मध्ये एक कपॅसिटर टाकाच. ॲम्प्लिफायर चालू करतानाचा एक धप्पा तो नाजूक पडदा निकामी करायला पुरतो.