कोंबडीचे डोळे येतात तेव्हा

(दृश्य: पावसाळी सकाळ. परड्यात डालगे उचलले जाते.)

जुलै महिना आहे. कुडाळ तालुक्यातील एका घरामागच्या परड्यात डालगे उचलले जाते आणि सात-आठ गावठी कोंबड्या पंख झाडत माडांच्या आळ्यांकडे धावतात. एक तांबूस तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, मात्र जागीच उभी राहते. तिचा डावा डोळा मिटलेला आहे. घरातल्या आजी तिला उचलून घेतात, क्षणभर न्याहाळतात आणि म्हणतात, "हिचे डोळे इले."

कोंबडीच्या डोळ्यांना काहीही झाले तरी आपल्याकडे बहुधा एवढेच म्हटले जाते. माणसाचे डोळे येतात तसे कोंबडीचेही आले, तेव्हा घरात उरलेले माणसाचे थेंब तिलाही घालावेत, असा हा सरळ हिशेब असतो. प्रत्यक्षात या एका नावाखाली अनेक विकार दडलेले असतात. त्यांपैकी एखाद्याला औषध लागते, एखाद्याला हिरवा पाला पुरतो, एखाद्याला केवळ मोकळी हवा हवी असते आणि एखाद्यावर उपायच नसतो.

(दृश्य: तलंगीच्या डोक्याचे निकटचित्र.)

पक्षी कापडात सैल गुंडाळून उजेडात धरावा आणि आधी निरोगी डोळा पाहावा. तो गोल, ओलसर आणि चमकदार असतो, व त्यावरून आतल्या कोपऱ्याकडून एक अर्धपारदर्शक पडदा अधूनमधून झपकन सरकून जातो. ही कोंबडीची तिसरी पापणी होय. त्यानंतर आजारी डोळ्याकडे वळावे. त्या डोळ्याइतकीच महत्त्वाची खूण खांद्यावर सापडते: कोंबडी चिकट डोळा पंखाच्या मुळाशी पुसत राहते, त्यामुळे तिथली पिसे ओली, मळकट आणि एकमेकांना चिकटलेली दिसतात. डोळा अजून उघडा असतानाही हा डाग दिसू शकतो. म्हणून दाणे टाकताना खांद्यांकडे पाहण्याची सवय फार उपयोगी पडते.

पुढचा प्रश्न मोजणीचा आहे. एकाच कोंबडीचा एकच डोळा बिघडला असेल, तर चोचीचा फटका, काटा किंवा भाताचे कुसळ यांचा संशय आधी घ्यावा. दोन्ही डोळे आणि एकाहून अधिक पक्षी असतील, तर कारण हवेत, खाण्यात किंवा संसर्गात शोधावे लागते.

कोकणात हवेचे कारण सर्वांत सहज नजरेआड होते. कोल्हा आणि उदमांजर यांच्या भीतीने रात्री खुराडे घट्ट बंद केले जाते. त्यात पावसाची झड आत येऊ नये म्हणून चारही बाजूंनी प्लास्टिक लावले जाते. ओल्या विष्ठेवर जिवाणूंचे काम सुरू होऊन अमोनिया वायू तयार होतो आणि तो कोंबडीच्या उंचीवरच साचतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण २५ भागांच्या वर गेले की डोळे आणि श्वासमार्ग यांना इजा होऊ लागते. जास्त काळ राहिल्यास बुबुळावरचा पारदर्शक पडदा धुरकट होतो आणि पक्षी प्रकाश टाळून डोळे मिटून बसतात. हे तपासण्यासाठी यंत्र लागत नाही. पहाटे दार उघडताच खाली वाकून, डोके आत घालून बसावे. आपल्याच डोळ्यांत चुरचुरले, तर कोंबड्यांनी रात्रभर काय सोसले ते कळते. ओला थर काढून कोरडा तूस पसरावा आणि छपरालगत वारा खेळेल अशी फट, जाळी लावून, मोकळी ठेवावी. इथे डोळ्यात घालण्याच्या थेंबांना दुय्यम स्थान आहे.

(दृश्य: तुऱ्यावरील आणि पापणीवरील खपल्या.)

पावसाळ्यात आणि त्यानंतर डासांबरोबर कोंबड्यांचा देवी हा आजार येतो. तुरा, गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी) आणि पापण्या यांवर आधी फिकट पुरळ उठतो, मग तपकिरी खपल्या धरतात, आणि पापणीवरची खपली मोठी झाली की डोळा बंद होतो. हा विषाणूचा आजार असल्याने त्यावर थेट औषध नाही. खपल्या साधारण दोन ते चार आठवड्यांत आपोआप गळतात. त्या नखाने ओढून काढल्यास रक्त येते, जखम चिघळते आणि खपलीतला विषाणू परड्यात पसरतो. पापणीच्या बाहेरच्या खपल्यांवर पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन कापसाने टिपावे, मात्र ते डोळ्यात जाऊ देऊ नये. अनेकदा कोंबडी देवीने मरत नाही, न दिसल्यामुळे उपाशी मरते. म्हणून दोन्ही डोळे मिटले असतील तर तिला वेगळे ठेवून चोच पाण्यात आणि दाण्यात टेकवून खायला लावावे लागते. देवीची लस पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात, आणि ती डास वाढण्याआधी दिलेली बरी.

डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस आणि जोडीला घरघर असेल, तर मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संशय येतो. चेहरा सुजून नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर कोरायझा ही संसर्गजन्य सर्दी असू शकते. दोन्हींमध्ये प्रतिजैविक लागते, ते पशुवैद्यकानेच ठरवावे, आणि त्या काळातली व त्यानंतर किती दिवसांची अंडी खाऊ नयेत हेही त्यांनाच विचारावे. बऱ्या दिसणाऱ्या कोंबड्याही पुढे रोगवाहक राहतात, हे नवीन पक्षी आणताना ध्यानात ठेवावे.

पापणीखाली चिजासारखा पांढरा घट्ट गोळा साचला असेल, तर कोंबडीच्या खाण्याची चौकशी करावी. केवळ तांदळाच्या कण्यांवर बंद खुराड्यात वाढणाऱ्या पक्ष्यांना 'अ' जीवनसत्त्व कमी पडते, कारण कण्यांत ते जवळजवळ नसतेच. शेवग्याचा पाला, लाल माठ आणि पिवळा मका परसातच मिळतात. मोकळे चरणाऱ्या गावठी कोंबड्यांत ही कमतरता क्वचित आढळते.

दमट, उष्ण किनाऱ्यांवर एक विकार खास लक्षात ठेवण्यासारखा आहे. ओल्या पालापाचोळ्याखाली राहणारी झुरळे खाल्ल्यावर त्यांच्यातील अळ्या कोंबडीच्या डोळ्यापर्यंत पोहोचतात आणि तिसऱ्या पापणीखाली बारीक पांढरे जंत होऊन राहतात. कोंबडी सतत डोळा खाजवते. हे जंत पशुवैद्यक डोळा बधिर करून काढतात. घरी चिमटा लावू नये.

(दृश्य: उकळलेले पाणी, मीठ, कापूस.)

घरी करण्यासारखे काम स्वच्छतेचे आहे. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम, म्हणजे चहाचा सुमारे दीड सपाट चमचा मीठ घालून डोळा हलक्या हाताने धुवावा, आणि प्रत्येक वेळी नवा कापूस घ्यावा. माणसाच्या थेंबांपैकी काहींत स्टेरॉइड असते. बुबुळावर जखम असताना ते घातल्यास डोळा कायमचा जाऊ शकतो. आजींच्या कपाटातल्या बाटलीत तेच निघाले. काम आटोपल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण राणीखेत रोगाचा विषाणू हाताळणाऱ्याच्याही डोळ्यांना लाली आणतो. त्याच रोगाची लासोटा लस मात्र पिल्लाच्या डोळ्यात थेंबानेही देतात, कारण डोळ्यामागच्या हार्डर ग्रंथीत रोगाशी लढण्याची शक्ती तयार होते.

एका रात्रीत अनेक पक्षी मेले आणि उरलेल्यांची डोकी, पापण्या सुजून तुरे निळे पडले असतील, तर कोणत्याही पक्ष्याला हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. भारतात कोंबड्यांतील बर्ड फ्लू २००६ मध्ये पहिल्यांदा आढळला, तो नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात.

(दृश्य: तांबूस तलंग परड्यात.)

या तलंगीच्या डोळ्यात भाताचे कुसळ होते. ते निघाले, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला आणि त्या बाजूने तिला दिसत नाही. दुसऱ्या कोंबड्या त्याच बाजूने येऊन तिचा दाणा पळवतात, म्हणून आजी आता तिची थाळी रोज पडवीच्या खांबापाशी ठेवतात, डावी बाजू भिंतीकडे. तलंग मान तिरकी करून उजव्या डोळ्याने आधी दाणा पाहते आणि मगच टिपते.