ओ-कोनिग्सबूर: पाडलेला आणि पुन्हा उभारलेला

नमस्कार श्रोतेहो. फ्रान्सच्या पूर्व सीमेवर अल्सास नावाचा प्रांत आहे. तिथे वोज पर्वताच्या एका सोंडेवर, साडेसातशे मीटर उंचीवर, गुलाबी वालुकाश्मात बांधलेला ओ-कोनिग्सबूर हा किल्ला आहे. तट, बुरूज, उतरती छपरं, सगळं इतकं धडधाकट की मध्ययुग कालपरवाच संपलं असं वाटावं. पण आज दिसणारं बरंचसं बांधकाम 1900 ते 1908 या काळातलं आहे.

किल्ल्याचा पहिला उल्लेख बाराव्या शतकातला. 1462 मध्ये तो एकदा उद्ध्वस्त झाला. 1479 मध्ये थियरस्टाइन घराण्याकडे आला आणि त्यांनी तोफांच्या माऱ्याला पुरून उरतील असे जाडजूड बुरूज बांधले. तरी 1633 मध्ये, तीस वर्षांच्या युद्धात, स्वीडिश सैन्याने वेढा घालून तो घेतला. मग आगीत जळाला तो जळालाच. पुढची अडीचशे वर्षं तिथे रान माजलं होतं.

1871 मध्ये अल्सास जर्मनीकडे गेलं. 1899 मध्ये सेलेस्ता शहराने हे भग्नावशेष कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, दुसरा विल्हेल्म याला भेट दिले. (एवढ्या पडझडीची डागडुजी शहराला परवडणार तरी कशी?) कैसरने काम सोपवलं बोडो एबहार्ट या वास्तुकाराकडे. खाणीतून दगड वाहायला छोटी आगगाडी, दगड वर चढवायला यारी, अशी तयारी. मध्ययुग उभं करायला वाफेचं इंजिन!

एबहार्टने उरलेल्या भिंती आणि जुनी कागदपत्रं बारकाईने तपासली होती. तरीही मुख्य मनोऱ्यावरून तज्ज्ञांनी त्याला धारेवर धरलं. कैसरच्या दालनात तर त्याने मधला मजलाच काढून टाकला, कारण मेजवानीला भव्य सभागृह हवं होतं. छतावर चित्रकार लिओ श्नुगने साम्राज्याचा गरुड रंगवला. इथे इतिहासापेक्षा मालकाची हौस वरचढ ठरली, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण म्हणून सगळाच किल्ला खोटा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. नव्याने बसवलेल्या दगडांवर एबहार्टने खुणा कोरून घेतल्या, जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते कळावं म्हणून. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 मध्ये, किल्ला फ्रेंच सरकारकडे आला आणि 2007 मध्ये तो स्थानिक प्रशासनाकडे सोपवला गेला. कधी गेलात, तर त्या खुणा शोधत भिंतींच्या कडेकडेने फिरा.