धुरातला मोरपंखी

(दृश्य: संध्याकाळ. पुण्यातलं एक लॉन. माळांचे दिवे एकेक करून लागतात.)

मार्गशीर्ष. तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांचा रतीब सुरू होतो. या दिवसांत पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे सातचं रिसेप्शन पूर्ण अंधारातलंच. डोक्यावर पिवळ्या माळा, स्टेजवर पांढरे फोकस, आणि मध्येच कुणाच्या तरी मोबाइलचा फ्लॅश. डोळ्यांवरचा रंग या तिन्ही उजेडांत उठून दिसायला हवा.

स्मोकी आय, म्हणजे पापणीवर धुरासारखा विरत जाणारा गडद रंग, म्हटलं की आपल्याला अजून काळाच आठवतो. तो जमला तर झोकदार, फसला तर सरळ जागरणाचा चेहरा. पण धूर काळाच असला पाहिजे, असं कुठे आहे? प्राचीन इजिप्तमध्ये मॅलाकाइट हा तांब्याचा हिरवा दगड वाटून पापण्यांना लावत, आणि जोडीला शिशाच्या गॅलिना या खनिजाचं काळं अंजन. हिरवा आणि काळा तेव्हापासून शेजारी आहेत.

(दृश्य: मूकपटातला नायिकेचा कृष्णधवल चेहरा.)

१९१० च्या दशकात थीडा बारासारख्या मूकपटातल्या नायिकांनी डोळ्यांभोवती गडद कडं आणलं, त्यामागे उजेडाचंच गणित होतं. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा मात्र पांढुरका दिसे. फिकट डोळे पडद्यावर विरून जात. त्यांना महिरप हवी होती.

(दृश्य: आरसा. पापणीचा क्लोजअप.)

आज आरशासमोर बसलेली मुलगी सावळी आहे, साडी डाळिंबी. परदेशी व्हिडिओंतला फिकट लव्हेंडर तिच्या पापणीवर पांढुरका पडेल. तिला गडद रंग हवेत: वांगी, बाटलीहिरवा, मोरपंखी.

थंडीत पापणीही कोरडी पडते. कोरड्या कातडीवर पावडर ठिपक्याठिपक्यांनी धरते, म्हणून आधी मॉइश्चरायझरचा अगदी पातळ हात. तो मुरला की जास्तीचा टिश्यूनं टिपायचा आणि वर थोडा कन्सीलर. फाउंडेशन मात्र अजून नाही. गडद पावडर गालावर सांडणारच. ती आधी पुसून घ्यावी, चेहरा मग करावा.

आता वांगी पेन्सिल, पापणीच्या केसांच्या मुळाशी. ती बसायच्या आत ब्रशनं वर पसरवायची. पापणीच्या घडीत साधा, चकाकी नसलेला तपकिरी. कुणाचं लक्ष जात नाही, पण धूर खरा याच रंगाचा असतो.

मग मोरपंखी. तो घासायचा नाही, बोटानं थोपटायचा. या चमकत्या पावडरीत अभ्रकाचे बारीक पापुद्रे असतात, त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर. थराच्या जाडीवर रंग ठरतो, आणि मान वळली की तोही बदलतो, धूपछाव पैठणीसारखा. खाली गडद पेन्सिल असेल तर बाकीचा उजेड ती गिळते आणि रंग उसळून वर येतो. पांढऱ्या बेसवर हीच पावडर मिळमिळीत दिसते.

मोरपंखीच का? पिवळ्या दिव्यांत निळा प्रकाश कमी असतो. शुद्ध निळा तिथे मळकट दिसतो, जांभळा तपकिरीकडे झुकतो. मोरपंखी फार तर हिरवट होतो, पण मरत नाही. म्हणून रंग बाथरूमच्या पांढऱ्या ट्यूबखाली ठरवू नये. घरातला पिवळा दिवा लावून एकदा बघावं.

(दृश्य: ब्रशच्या छोट्या गोल फेऱ्या. इथे निवेदन थोडं थांबतं.)

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. हातात कोरा ब्रश, त्यावर रंगाचा कणही नाही. रंग कुठे संपला, हे बघणाऱ्याला सांगता येऊ नये. बाहेरच्या टोकाला हात भुवईच्या शेपटीकडे वर न्यायचा. खाली ओढला की डोळा थकलेला दिसतो. बहुतेक जणी या टप्प्यावर कंटाळतात आणि आणखी पावडर घेतात. नेमकं तेच करू नये.

डोळ्याच्या आतल्या कडेला काळ्याऐवजी गडद हिरवी वॉटरप्रूफ पेन्सिल. स्कूटरवरून जाताना गार वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतंच. हस्तकलेची चमकी पापणीवर नको. ती डोळ्यात गेली की बुबुळाला ओरखडा येऊ शकतो. आणि पिढीजात सुरमा कितीही प्रेमाचा असो, त्यात शिसं असू शकतं. लिपस्टिक साधीच. डोळे एवढं बोलत असताना ओठांनी गप्प बसावं.

(दृश्य: रात्र. वॉशबेसिन.)

घरी आल्यावर खसाखसा चोळायचं नाही. रिमूव्हरनं भिजलेला कापूस मिटल्या डोळ्यावर थोडा वेळ नुसता धरून ठेवायचा. खोबरेल तेलही चालतं. थंडीत ते बाटलीत गोठलेलं असतं, तेव्हा तळहातावर चोळून पातळ करून घ्या. नंतर फेसवॉशनं चेहरा धुवा, नाहीतर तेलानं काही वेळ सगळं अंधुक दिसत राहतं.