परवलीचा शब्द आणि शुक्रवारची संध्याकाळ

नमस्कार श्रोतेहो.

पासवर्डसाठी मराठीत एक जुना शब्द आहे, परवलीचा शब्द. रात्री छावणीत शिरणाऱ्याला पहारेकरी अडवायचा आणि तो शब्द विचारायचा. सगळ्या छावणीला शब्द एकच, आणि तो वरचेवर बदलायचा. संगणकाच्या बाबतीत हे दोन्ही नियम उलटे करायचे आहेत. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, आणि कारण नसताना तो बदलायचा नाही. पुन्हा ऐका. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, आणि कारण नसताना बदल नाही.

वेगळा कशासाठी? आपला एकच पासवर्ड चांगला भक्कम आहे, कुणाला सांगितलेला नाही, कुठे लिहिलेला नाही, मग तो चार ठिकाणी वापरला तर बिघडलं कुठे? या प्रश्नाचं उत्तर देणारी एक खरी घडलेली गोष्ट आहे.

गोष्ट १९६६ सालची, अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतली. त्याआधीच्या संगणकावर काम करायचं म्हणजे कार्डांना भोकं पाडून त्यांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. उत्तर हाती पडायला कित्येक तास लागत, आणि गठ्ठ्यात एक स्वल्पविराम जरी चुकला असला तरी सगळं पहिल्यापासून. फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये एक वेगळी व्यवस्था चालवून दाखवली. यंत्राचा वेळ बारीक बारीक तुकड्यांत वाटायचा, आणि प्रत्येकाला वाटावं की यंत्र आपल्याशीच बोलतं आहे. या व्यवस्थेचं नाव सीटीएसएस. यंत्र एक आणि माणसं अनेक, तेव्हा ज्याच्या फायली त्यालाच दिसायला हव्यात. त्यासाठी प्रत्येकाला एक पासवर्ड दिला. संगणकावरच्या पासवर्डची सुरुवात बहुतेक जण इथूनच मानतात.

ते पासवर्ड ठेवले कुठे होते? एका साध्या फायलीत. नाव आणि त्यापुढे पासवर्ड, जसाच्या तसा. १९६२ सालीच अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात. कार्डावर फायलीचं नाव लिहून ती छापून द्या असं सांगता येई. त्यानं नेमकी पासवर्डची फाईल मागवली, आणि यंत्रानं ती छापून दिली. दुसऱ्यांच्या नावावर त्याचं काम सुरू झालं. हे त्यानं स्वतःच पुढे अनेक वर्षांनी जाहीरपणे सांगितलं. पण शेरनं फाईल मागितली तरी होती. १९६६ साली ती कुणीच मागितली नव्हती.

झालं ते असं. सीटीएसएसमध्ये नियम होता, फायलींच्या एका कप्प्यात एका वेळी एकच माणूस काम करेल. व्यवस्थेचा स्वतःचाही एक कप्पा होता, आणि त्यात दोन फायली होत्या. एक पासवर्डची. दुसरी दिवसाच्या सूचनेची, म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येकाला आधी दिसणारा मजकूर, ‘आज अमुक वाजता यंत्र बंद राहील’ अशासारखा. सुरुवातीला हा कप्पा सांभाळणारी माणसं थोडी होती. मग ती डझनभर झाली, यंत्र जवळजवळ अखंड चालू राहू लागलं, आणि एका वेळी एकच माणूस हा नियम त्यांना जाचू लागला. त्यांनी कोर्बातोंची मनधरणी केली. आमच्यापुरता हा नियम सैल करा, आम्ही काळजी घेऊ. कोर्बातोंनी होकार दिला.

पण मजकूर बदलण्याचं जे साधन होतं, म्हणजे एडिटर, तो हाच नियम गृहीत धरून लिहिलेला होता. काम चालू असताना तो मजकूर एका तात्पुरत्या फायलीत ठेवायचा, आणि त्या फायलीचं नाव कायम एकच असायचं. कप्प्यात माणूस एकच, तर नावही एकच पुरे. एकदा दोघे जण एकाच वेळी त्या कप्प्यात शिरले. एकानं दिवसाची सूचना उघडली, दुसऱ्यानं पासवर्डची फाईल. तात्पुरत्या फायलींचं नाव एकच असल्यामुळे त्यांची अदलाबदल झाली, आणि सूचनेच्या जागी पासवर्डची यादी जाऊन बसली.

त्यानंतर जो कुणी आत शिरेल, त्याच्यासमोर सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड. सगळ्यांचे! आणि तेव्हाची टर्मिनलं टाइपरायटरसारखी होती, कागदावर ठोकणारी. म्हणजे यादी पडद्यावर चमकून गेली असं नाही, ती कागदावर उमटत होती, ओळीमागून ओळ, आणि कागद फाडून कुणीही घरी नेऊ शकत होता. विल्यम मॅथ्यूज नावाच्या एका वापरकर्त्याच्या हे लक्षात आलं. त्यानं यंत्राला अशी एक आज्ञा दिली की जी पाळताना यंत्र पुन्हा त्याच आज्ञेवर येतं आणि तिथेच अडकतं. सगळी व्यवस्था जागेवर बंद पडली. त्यानं मुद्दाम पाडली, छापणं थांबावं म्हणून. दिवस शुक्रवार, वेळ संध्याकाळी पाचची. व्यवस्था सांभाळणाऱ्या टॉम व्हॅन व्लेक यांना पुढचे कित्येक तास बसून सगळ्यांचे पासवर्ड बदलावे लागले. कोर्बातोंना १९९० चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वांत मोठा मान, मिळाला, तेव्हा त्या व्याख्यानात त्यांनी ही गोष्ट काहीही न लपवता सांगितली. मोठ्या माणसानं आपली चूक अशी तपशिलात सांगणं फार उपयोगाचं असतं. खातं फुटल्यावर दोन ओळींचं गुळमुळीत पत्रक काढणाऱ्या सगळ्यांनी ते व्याख्यान वाचावं असं मनापासून वाटतं.

आता या गोष्टीत वापरकर्त्यांचं काय चुकलं, ते शोधा. काहीही चुकलं नाही. कुणाचा पासवर्ड चार अक्षरांचा असो की चाळीस अक्षरांचा, कागदावर दोन्ही सारखेच उमटले. पासवर्ड फुटतो तो पुष्कळदा पलीकडच्या बाजूला, आणि तिथे आपला हात पोचत नाही.

यावर उपाय निघाला. बेल लॅब्स या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेतल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली तो सविस्तर मांडला. पासवर्ड ठेवायचाच नाही, त्याचा उलट न फिरवता येणारा ठसा ठेवायचा, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड काढता येत नाही असा सांकेतिक मजकूर. तरीही २००९ साली रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, ते जसेच्या तसे लिहून ठेवलेले होते. त्यात सर्वांत जास्त वापरलेला पासवर्ड होता एक-दोन-तीन-चार-पाच-सहा. एक खूण लक्षात ठेवा. ‘पासवर्ड विसरलात?’ वर दाबल्यावर एखाद्या संकेतस्थळानं तुमचाच जुना पासवर्ड ईमेलनं पाठवला, तर तो त्यांच्याकडे वाचता येईल असा पडलेला आहे. तिथलं खातं बंद करा.

फुटलेल्या याद्या चोर हातानं चालवत नाहीत. ईमेल आणि पासवर्डची जोडी घेऊन प्रोग्रॅम तीच जोडी शेकडो ठिकाणी लावून बघतो. म्हणून वेगळा पासवर्ड. आणि वेगळा म्हणजे शेवटी एक-दोन असे आकडे जोडून वेगळा नव्हे, ते आकडेही प्रोग्रॅम लावून बघतोच.

सुरुवात ईमेलपासून करा. इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड ईमेलवरून बदलता येतात, त्यामुळे ते गेलं तर बाकीचीही जातात. पासवर्ड बदला, मग सेटिंगमध्ये ‘सर्व उपकरणांवरून लॉग आउट’ करा, कारण नुसता पासवर्ड बदलल्यानं आधी आत बसलेला माणूस सगळीकडे बाहेर पडतोच असं नाही. मग फॉरवर्डिंग आणि फिल्टर हे दोन्ही उघडून बघा. आत शिरलेला चोर तुमची पत्रं परस्पर दुसरीकडे वळवून ठेवतो, आणि पासवर्ड बदलल्यावरही ती जात राहतात. शेवटी, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि पर्यायी ईमेल तुमचाच आणि चालू आहे ना, ते बघा.

इतके वेगळे पासवर्ड पाठ होणार नाहीत, आणि करूही नका. पासवर्ड मॅनेजर वापरा, म्हणजे पासवर्ड बनवून एका कुलूपबंद तिजोरीत ठेवणारा प्रोग्रॅम. बिटवॉर्डन आहे, कीपासएक्ससी आहे, ब्राउझरमधलाही चालेल. कीपासएक्ससीची तिजोरी ही तुमच्या संगणकावरची एक फाईल असते, तिची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर हवी, नाहीतर डिस्क गेली की सगळं गेलं. मॅनेजरला २० अक्षरांचा पासवर्ड बनवायला सांगा. सगळी खाती एका दिवशी बदलायला बसू नका, ज्या खात्यात शिराल ते त्या वेळी बदला. बदलल्यावर लगेच बाहेर पडून पुन्हा आत शिरून बघा. काही ठिकाणी नोंदवताना लांब पासवर्ड चालतो, पण आत शिरायच्या चौकटीत तितकी अक्षरं मावत नाहीत. मॅनेजरचा आणखी एक फायदा, तो संकेतस्थळाचा पत्ता ताडून बघतो. नेहमीच्या पानावर त्यानं पासवर्ड भरला नाही, तर हातानं भरायच्या आधी पत्ता अक्षर अक्षर वाचा.

या तिजोरीचा मुख्य पासवर्ड मात्र पाठ हवा. तो स्वतः सुचवू नका. आपल्याला जे सुचतं ते दुसऱ्यालाही सुचतं. फासे टाका. डाइसवेअर नावाची ७,७७६ इंग्रजी शब्दांची यादी आहे, पाच फाशांच्या दानाला एक शब्द. असे सहा शब्द काढले की जुळण्यांची संख्या होते दोनवर २३ शून्यांहून जास्त. इंग्रजी शब्द लक्षात राहत नसतील, तर जाडजूड मराठी शब्दकोशाचं पान डोळे मिटून उघडा आणि बोट ठेवा, असं सहा वेळा. आलेला शब्द आवडला नाही म्हणून बदलू नका. तो रोमन अक्षरांत टाइप करा, देवनागरीत नको. ‘ऱ्या’ची अक्षरजोडी संगणकात दोन प्रकारे साठवली जाते, दिसते सारखी पण पासवर्ड म्हणून जुळत नाही, आणि दुसऱ्या कीबोर्डवर तुम्ही बाहेर राहाल. रोमनमध्येही दीर्घ ईला एक अक्षर की दोन, हे आधीच ठरवून लिहून ठेवा.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, ही सक्ती अजून अनेक कार्यालयांत आहे. ती आता सोडून द्यायला हवी. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या एका जुन्या मार्गदर्शिकेनं असे नियम रूढ केले, २०१७ साली त्याच संस्थेनं ते मागे घेतले, आणि ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला. सक्तीनं माणसं फक्त शेवटचा आकडा वाढवतात. पासवर्ड फुटल्याचं कळलं, तर मात्र त्याच दिवशी बदला.

ईमेलला आणि पैशांच्या खात्यांना दुसरं कुलूपही लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारण्याची सोय चालू करा. एसएमएसच्या ओटीपीपेक्षा ऑथेंटिकेटर अ‍ॅप बरं, कारण सिमकार्ड दुसऱ्याच्या नावावर वळवून एसएमएस पळवता येतो. अ‍ॅपमधला सहा अंकी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि त्याला नेटवर्क लागत नाही, घड्याळ मात्र बरोबर लागतं. कोड चुकीचा म्हणत असेल तर फोनची वेळ ‘आपोआप’वर ठेवा. फोन विकण्याआधी किंवा पुसण्याआधी अ‍ॅप नव्या फोनवर हलवा.

हे कुलूप लावताना काही बॅकअप कोड मिळतात, फोन हरवला तर त्यांच्यानंच आत शिरता येतं. ते आणि मुख्य पासवर्ड कागदावर लिहा. हो, कागदावर. कोर्बातोंनीही आपले पासवर्ड कागदावर ठेवले होते, टाइप केलेली तीन पानं. इंटरनेटवरच्या चोराचा हात कागदापर्यंत पोचत नाही. महत्त्वाची कागदपत्रं जिथे असतात तिथे तो ठेवा, आणि घरातल्या विश्वासाच्या एका माणसाला जागा सांगून ठेवा. फक्त त्याचा फोटो काढू नका, कारण फोनमधले फोटो बहुतेक वेळा आपोआप क्लाउडवर जातात.

नमस्कार.